सेवामंडळ आणि त्याची हिशेबवही

(गेवराई तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांची सेवामंडळे हा विषय प्राथमिक शिक्षकांपुढे कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. गेवराईच्या अथवा तालुक्यातील एखाद्या मोठ्या गावच्या हायस्कुलात आज नववीत बसलेला मुलगा काल-परवापर्यंत खेड्यातील प्राथमिक शाळेतच अक्षरे गिरवीत होता, आणि सायंकाळी एस. टी. ने तो परततो तोही त्याच खेड्यात. सेवेची गोडी हायस्कुलात गेल्यावर एकाएकी उत्पन्न होत नाही. वर्गातील पाण्याचे मडके कोणी भरावे, आजारी सोबत्याच्या घरी गृहपाठ कोणी पोचवावा, या लहान लहान गोष्टींतून ती चौथी-पाचवीतच रुजते. यास्तव या विषयाचा पहिला धडा प्राथमिक शिक्षकाच्याच हाती आहे.

सेवामंडळाची कामे साधारणपणे दोन असतात. एक, अंगमेहनतीने करावयाची सेवा. आणि दुसरे, एखाद्या चांगल्या कार्यासाठी निधी गोळा करणे. या दोहोंपैकी दुसरे काम दिसावयास सोपे व करावयास कठीण आहे. ते कठीण का, हे एका नेहमीच्या प्रसंगावरून ध्यानी येईल.

दूरच्या एखाद्या जिल्ह्यात महापूर येतो. शाळेत सूचना निघते की, प्रत्येकाने दहा रुपये आणावेत. हेतू उत्तम असतो. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग पैसे आणतो. त्यांची नावे फळ्यावर लिहिली जातात, इतर मुलांनी स्फूर्ती घ्यावी म्हणून. दुसऱ्या दिवशी आणखी काही नावे वाढतात. तिसऱ्या दिवशी फळ्यावर नाव नसलेली चार मुले शाळेतच येत नाहीत. हजेरीपटावर त्यांच्यापुढे गैरहजेरीची खूण पडते आणि कारण विचारले असता ‘पोट दुखत होते’ असे उत्तर मिळते. निधी जमतो, तो योग्य ठिकाणी पोचतोही. परंतु त्या चार मुलांनी सेवेपासून काय घेतले? सेवा ही पैसेवाल्यांची गोष्ट आहे आणि आपल्याला तीत जागा नाही, एवढेच ना? ज्यांनी दहा रुपये आणले, त्यांनी तरी काय केले? वडिलांच्या खिशातील नोट डब्यात टाकली. त्यांचे स्वतःचे असे त्यात काहीच गेले नाही.

विद्यार्थ्यांकडून निधी गोळा करावयाचा तर तो त्यांच्या स्वतःच्या श्रमांतून यावयास हवा, तो देताना कोणाची मान खाली जाता कामा नये, आणि त्याचा पैन्‌पैचा हिशेब त्याच मुलांनी सर्वांसमक्ष मांडावयास हवा. या तीन गोष्टी साधल्या तर शंभर रुपयांचा निधीही मोठा. त्या न साधल्या तर लाख रुपयांचा निधीही शिक्षणाच्या दृष्टीने वायाच गेला म्हणावयाचा.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू लागली. ती मुले स्वयंपाक आपणच करीत, शेतात खपत आणि त्या कष्टांवर शिकत. स्वावलंबन हे त्या संस्थेने आपले ब्रीदच मानले. गरीब मुलाला दान घेणारा न ठेवता कमावणारा करावयाचे, ही त्यांची दृष्टी होती. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज महाविद्यालयांच्या तोंडी रुळलेले आहेत, त्यांचे मूळ तेथे आहे.

साने गुरुजी 1924 साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः झाडून काढीत, त्यांची भांडी घाशीत. सेवेवर त्यांनी व्याख्यान झोडले नाही. गुरुजींचे हात पाहून मुलांनाच लाज वाटू लागली आणि ती कामाला लागली. सेवामंडळ चालविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ‘मुलांनो, पटांगण साफ करा’ असे सांगून जो शिक्षक खुर्चीत बसतो, त्याच्या मंडळाचे आयुष्य दोन महिन्यांचे असते.

भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संघटना 7 नोव्हेंबर 1950 रोजी एकत्रित रूपात अस्तित्वात आली. तिच्या ‘खरी कमाई’ या उपक्रमाचे नाव मराठी शाळांना चांगले परिचित आहे. मुलाने शेजारीपाजारी काही उपयुक्त काम करावे, त्याचा अल्पसा मोबदला घ्यावा व तो सत्कार्यास द्यावा, ही त्यामागील कल्पना. ब्रिटनमधील स्काउटांनी 1949 साली असाच उपक्रम सुरू केला होता. एका कामाला एक शिलिंग, असा त्याचा साधा दर होता. मुलांना घरोघर पाठविणे सुरक्षित नाही अशी काळजी वाढत गेल्यामुळे 1992 साली तो तेथे बंद करण्यात आला. त्यातून घेण्याजोगा बोध असा की, निधीच्या निमित्ताने कोणतेही मूल एकटे, अनोळखी दारी जाता कामा नये.

अमेरिकेत 1925 साली कॅलिफोर्नियातील सॅक्रॅमेंटोच्या हायस्कुलात अकरा मुलांनी ‘की क्लब’ नावाचे मंडळ सुरू केले. 1962 साली फ्लोरिडातील मेलबोर्न येथील हायस्कुलात तेवीस विद्यार्थ्यांचा पहिला ‘इंटरॅक्ट क्लब’ रोटरीच्या साहाय्याने निघाला. आज अनेक देशांत अशी मंडळे आहेत. इंटरॅक्टच्या दोन नियमांचे मोल खेड्यातील शाळेलाही आहे. पहिला असा की, मंडळाने वर्षातून निदान दोन कामे करावीत. एक आपल्या शाळेसाठी वा गावासाठी आणि एक परक्या देशांविषयीची समज वाढविणारे. दुसरा असा की, मंडळाचा कारभार मुलांनी पाहावा आणि खर्चही मुलांनीच उभारावा. वडीलधाऱ्यांनी पाठीशी उभे राहावे, पुढे नव्हे.

भारतात महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, राष्ट्रीय सेवा योजना 37 विद्यापीठांत सुमारे 40,000 विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. पुढे ती उच्च माध्यमिक वर्गांपर्यंत आली. त्या योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास काम करावयाचे असते. म्हणजे सेवेचे माप तेथे तासांनी केले जाते, रुपयांनी नव्हे. श्रीमंताच्या मुलाजवळ आणि मजुराच्या मुलाजवळ रुपये सारखे नसतात, पण दिवसाचे तास दोघांजवळ चोवीसच असतात. शाळेच्या सेवामंडळाने हेच माप पत्करावे. 7 डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन 1949 पासून पाळला जातो आणि माजी सैनिक व वीरपत्नी यांच्या साहाय्यासाठी अनेक शाळांतून निधी जमविला जातो. त्या दिवशीही नुसता डबा फिरविण्याऐवजी गावातील माजी सैनिकाला शाळेत बोलवावे, त्याच्याकडून सीमेवरच्या चार गोष्टी ऐकाव्यात. मग दिलेल्या रुपयाला अर्थ येतो.

आता गेवराई तालुक्याकडे वळू. उत्तरेस गोदावरी, काठावर राक्षसभुवनासारखी इतिहासात गाजलेली क्षेत्रे, मध्यातून जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग, आणि पावसाच्या भरवशावरची पुष्कळशी जिरायत शेती. या भूमीत सेवेला विषय शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. बीड जिल्ह्यातून दसरा सरला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना बोलीभाषेत ‘कोयता’ म्हणतात, ट्रकातून, ट्रॅक्टरातून, बैलगाड्यांतून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या वाटेला लागतात. हंगाम संपेपर्यंत फडाजवळची कोपी हेच त्यांचे घर. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. मोठी मुलगी धाकट्या भावाला सांभाळते, मुलगा वाढे गोळा करतो. शाळेच्या हजेरीपटावर मात्र त्यांच्या नावापुढे गैरहजेरीची ओळ लांबत जाते.

अशा मुलांनी गावी राहून शिकावे म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आखली. मुलाला दोन वेळचे जेवण मिळते आणि रात्री बहुधा तो आजी-आजोबांजवळ झोपतो. ही सोय मोलाची आहे. पण जेवणाखेरीजही मुलाला पुष्कळ काही लागते. सांजवेळी पुस्तक उघडल्यावर अडलेला शब्द सांगणारे कोणी लागते. ताप आला तर आरोग्यकेंद्रापर्यंत सोबत लागते. आईचा फोन आला तर तो ज्याच्या मोबाइलवर येईल असे एक जवळचे घर लागते. हे कोणत्याही योजनेच्या तक्त्यात बसत नाही. ते गावातील नववी-दहावीच्या मुलामुलींना सहज करता येण्याजोगे आहे, आणि सेवामंडळाचे खरे क्षेत्र तेच आहे.

याचे प्रत्यक्ष स्वरूप असे असू शकेल. हायस्कुलातील मंडळाचे जे सभासद एका खेड्यातून येतात, त्यांचे एक पथक असावे. त्या पथकाने आठवड्यातून चार सायंकाळी, एक तास, गावच्या प्राथमिक शाळेच्या ओसरीवर लहान मुलांना घेऊन बसावे. प्राथमिक शिक्षकाने त्यांना कोणत्या मुलाला कोठे अडते ते सांगावे, वर्गाची किल्ली द्यावी आणि आठवड्यातून एकदा डोकावून जावे. खर्च दिव्याचा आणि काही वह्यांचा.

दुसरे काम ‘राहिलेल्या धड्यांची वही’. जी मुले आईवडिलांबरोबर गेली, ती परत आल्यावर वर्गात बावरून बसतात. मधल्या महिन्यांत काय शिकवून झाले, हे त्यांना ठाऊक नसते आणि विचारण्याचा धीर होत नाही. मंडळातील मुलांनी आळीपाळीने रोजच्या धड्याचा गोषवारा एका वहीत लिहून ठेवावा, गणिताचे एक-एक उदाहरण सोडवून ठेवावे. परतलेल्या सोबत्याच्या हाती ती वही पडली म्हणजे आपली कोणी आठवण ठेवली होती, हे त्याला न सांगता कळते. लिहिणाऱ्याचाही अभ्यास दुप्पट होतो.

तिसरे काम पुस्तकपेढीचे. आठवीपर्यंत सरकारी व अनुदानित शाळांतून पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. खरी ओढाताण नववीपासून सुरू होते. दहावी उत्तीर्ण झालेल्यांची पुस्तके उन्हाळ्यातच गोळा करून, पाने चिकटवून, कव्हरे घालून ठेवावीत आणि जूनमध्ये पुढच्या तुकडीस द्यावीत. पुस्तक पेढीचे, वर्षाअखेर परत करावयाचे, एवढीच अट असावी. मग ते दान राहत नाही, व्यवहार होतो, आणि घेणाऱ्याला संकोच वाटत नाही.

या कामांना लागणारा पैसा कोठून आणावयाचा? येथे ‘खरी कमाई’ खरी ठेवावयाची. पुष्कळदा शाळेत खाद्यपदार्थांचा बाजार भरतो. पोहे आई करते, भांडी ताई उचलून आणते, आणि विकत घेतात ते वडील. मुलाच्या हाती गल्ला तेवढा येतो. गंमत म्हणून हे ठीक आहे, कमाई म्हणून नव्हे. त्यापेक्षा आषाढाच्या सुमारास कडुनिंबाखाली पडणाऱ्या निंबोळ्या वेचून, धुऊन, वाळवून विकाव्यात. घरोघर खाल्ल्या जाणाऱ्या सीताफळांच्या बिया राखून पिशव्यांतून रोपे करावीत. बीडच्या सीताफळाची कीर्ती सर्वांना ठाऊक आहेच. दिवाळीपूर्वी पणत्या रंगवाव्यात, रद्दीच्या पिशव्या कराव्यात, वह्यांना कव्हरे घालून द्यावीत. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. निधीच्या नावाखाली मुलांना कोणाच्या शेतावर किंवा दुकानात मजुरीला लावू नये. 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास कायद्याची मनाई आहे. आणि ज्या जिल्ह्यात बालपण फडात हरवते, तेथे तर शाळेनेच ही मर्यादा सर्वांत कडकपणे पाळावयास हवी. त्याचप्रमाणे वर्गणीची सक्ती कोणत्याही रूपाने नको. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचे आश्वासन दिले आहे. दहा रुपयांच्या सक्तीनेही त्याला तडा जातो.

आता हिशेबाविषयी. सेवामंडळाच्या हिशेबवहीकडे शाळेतून सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि मुलांना सर्वांत अधिक शिकवते ती तीच. समजा, एका मंडळाने वर्षात निंबोळ्यांचे 640, पणत्यांचे 1,150 आणि रद्दीचे 380 असे एकूण 2,170 रुपये मिळविले. त्यातून 35 रुपयांची एक याप्रमाणे 24 वह्या घेतल्या, त्यांचे 840 झाले. 450 रुपयांचा एक असे दोन दिवे घेतले, त्यांचे 900 झाले. खर्च 1,740, शिल्लक 430. एवढा हिशेब सहावीतील मुलालाही समजतो. तो दर महिन्याच्या पहिल्या दिवशी कागदावर लिहून भिंतीला लावावा. प्रत्येक जमेला पावती व तिची स्थळप्रत असावी, प्रत्येक खर्चाला दुकानदाराचे बिल असावे. दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक अशा तिघांच्या सह्यांशिवाय रुपयाही निघू नये. पैसे शाळेच्या खात्यात राहावेत. मोबाइलवरून एखाद्या शिक्षकाच्या व्यक्तिगत खात्यात ते घेण्याची सोय सोपी वाटते, पण तीच उद्या संशयाला जागा करून देते.

कधी हिशेबात वीस रुपये कमी येतील. अशा वेळी भला शिक्षक खिशातून वीस रुपये काढून गल्ला पुरा करतो. हा चांगुलपणा येथे चुकीचा आहे. त्याने ‘वीस रुपये जुळत नाहीत’ असे वहीत लिहावयास लावावे आणि मुलांसह शोध घ्यावा. बहुधा एखादी पावती लिहावयाची राहिलेली असते. ती सापडली म्हणजे मुलांना जो आनंद होतो तो बक्षिसाने होत नाही. न सापडली तरी तसेच लिहून ठेवावे. सार्वजनिक पैशाच्या हिशेबात चूक लपवावयाची नसते, हा धडा ज्याने तेराव्या वर्षी गिरविला, तो पुढे ग्रामपंचायतीत, सोसायटीत किंवा बँकेत बसल्यावर सहसा घसरणार नाही. गावागावांतून ज्या संस्था डबघाईस येतात, त्यांतील कित्येकांना बुडविणारा दोष मोठ्या अपहाराच्या कितीतरी आधी, अशाच न लिहिलेल्या वीस रुपयांपासून सुरू झालेला असतो.

देणाऱ्यांची नावे रकमेच्या क्रमाने वाचून दाखवू नयेत. ज्याला वही दिली त्याला सर्वांसमोर उभे करू नये, त्याचे छायाचित्र काढू नये. वही शिक्षकाने नेहमीच्या कामाप्रमाणे हाती द्यावी. मदत घेतल्याची आठवण घेणाऱ्यालाच राहू द्यावी. गावाने ती ठेवण्याचे कारण नाही.

मोठ्या आपत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी काही करूच नये, असा याचा अर्थ नव्हे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, 2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातील नद्यांचे पाणी शेताशिवारांत व घरांत शिरले. अशा वेळी मन द्रवते ते चांगलेच. परंतु तेथे काय लागते हे विचारल्यावाचून जुने कपडे पाठवू नयेत. त्यांचे ढीग कामात अडचण करतात. पूर ओसरल्यावर भिजलेल्या शाळेतील मुलांसाठी शंभर वह्या भरून पाठविणे, हे मंडळाच्या आवाक्यातील काम आहे. त्यासाठी वर्षभराची शिल्लक उपयोगी पडते. संकट आले म्हणजे डबा फिरविण्यापेक्षा, संकट येण्यापूर्वीच थोडे साठवून ठेवण्याची सवय अधिक मोलाची.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मंडळाचे सभासद कोण असावेत? बहुतेक ठिकाणी हुशार, चुणचुणीत, पांढरेशुभ्र कपडे घालून येणारी मुले निवडली जातात. त्यामुळे शाळेत दोन जाती पडतात, सेवा करणाऱ्यांची एक आणि सेवा घेणाऱ्यांची दुसरी. सेवामंडळाला याहून मोठा धोका नाही. ज्याने गेल्या वर्षी पुस्तकपेढीचे पुस्तक नेले, त्याचे नाव यंदा सभासदांच्या यादीत पहिले असावे. टोळीबरोबर फडावर जाऊन आलेल्या मुलाला टनाचा भाव, उचल, खाडे आणि कमिशन यांचा तोंडी हिशेब पाठ असतो. कोपीत कंदिलापुढे बसून वडील आणि मुकादम यांच्यातील आकडेमोड त्याने ऐकलेली असते, आणि हिशेबात खोट आली म्हणजे घरावर काय ओढवते हेही पाहिलेले असते. मंडळाचा खजिनदार निवडावयाचा झाला तर त्याच्यासारखा लायक मुलगा वर्गात दुसरा कोण असणार? शिक्षकाने त्याला एकदा हिशेबवही हाती देऊन पाहावी. मान खाली घालून बसणारे ते मूल पहिल्या तारखेला भिंतीवर हिशेब लावावयास पुढे येईल.

प्राथमिक शिक्षकाने यासाठी उद्यापासून मोठी योजना आखण्याचे कारण नाही. चौथी किंवा पाचवीच्या वर्गात एक शंभर पानी वही ठेवावी. वर्गासाठी जे काही आले आणि जे खर्च झाले, खडूच्या पेटीपासून ते मडक्यापर्यंत, ते मुलांनी पाळीपाळीने तीत लिहावे. पाळीतून कोणालाही वगळू नये. दिवाळीनंतर जो गावाला जाईल, त्याचे नाव वहीतून खोडू नये. त्याची पाळी राखून ठेवावी. चैत्रात तो परत येईल, तेव्हा वही त्याच्या पुढ्यात ठेवून एवढेच म्हणावे, ‘बाळ, आज तुझी पाळी आहे.’